वाकडे आकडे

"सहा हजार नव्वद," दस्तगीर म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून हसला.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं. "आपण एक लाख चाळीस हजार मागतोय, आणि हा गृहस्थ सहा हजार नव्वद देतो म्हणतो. ही चेष्टा झाली."

"सर, पहिला भाव म्हणजे शिवी नसते. खोकला असतो. कोणतरी दारात आलंय, एवढंच सांगतो तो."

"मग त्याला म्हणावं, खोकून झालं असेल तर जा."

"असं कुठं म्हणतात होय? पाणी विचारायचं." त्यानं कीबोर्ड पुढं ओढला आणि टाइप केलं, पंच्याण्णव हजार. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आता चार दिवस गप्प बसायचं. जमेल ना तुम्हाला?"

जमणार नव्हतं. तेही त्याला माहीत होतं.

दस्तगीर मुजावर माझा विद्यार्थी. आठवीत असताना भागाकार म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. पुढं त्यानं मिरजेच्या मार्केटजवळ एका तळघरात नेटकॅफे काढला. सहा संगणक, एक झेरॉक्स यंत्र, आणि पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी. मी निवृत्त झालो तेव्हा सकाळच्या वेळी ते तळघर रिकामं असायचं. तिथं मी गल्लीतल्या मुलांची गणितं घ्यायला लागलो. फी नाही, पट नाही. मुलं गेली की आम्ही दोघं चहा पीत बसायचो आणि त्या बसण्यातूनच आमची भागीदारी निघाली.

धंदा नावांचा होता. वेबसाइटला नाव लागतं, आणि एक नाव जगात एकालाच मिळतं. मुलांनी विचारलं तर मी सांगायचो, एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं आहे हे. वर्षाला पाच-सहाशे रुपये भरले की नाव तुमचं. मग ज्याला खरोखर त्या जागेवर बसायचंय तो येतो आणि विचारतो, उठायचं काय घेणार?

"म्हणजे रुमाल विकायचा धंदा," माझी बायको कुमुद म्हणाली होती. पण आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून सदतीस नावं धरली होती आणि नावांच्या खरेदी-विक्रीच्या एका साइटवर लावली होती; तिथं गिऱ्हाइकाचं नाव दिसत नसे, नुसता भाव दिसे. त्यातली छत्तीस दोन वर्षं नुसती पडून होती. सदतिसाव्याला हे पहिलं गिऱ्हाईक आलं होतं.

नाव होतं तंबोराघर डॉट कॉम. मिरजेत राहून आम्हाला दुसरं काय सुचणार? इथल्या सतारी आणि तंबोरे साऱ्या देशात जातात. कधीतरी कुणीतरी येईल आणि हे नाव मागेल, असा दस्तगीरचा हिशोब होता.

ही २०१३ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. त्या महिन्यात दस्तगीरला पैशांची घाई होती, हे मला पुरतं ठाऊक होतं. दवाखान्यांच्या रस्त्यावर चौगुल्यांचा एक गाळा रिकामा झाला होता. रस्त्याच्या पातळीवर, कोरडा, समोर तीन मोठी इस्पितळं. पेशंटच्या नातेवाइकांना झेरॉक्स लागते, रेल्वेची तिकिटं लागतात, रिपोर्ट मेलनं पाठवायचे असतात. तिथं दस्तगीरचं दुकान पहिल्या दिवसापासून चाललं असतं. अनामत पंचाहत्तर हजार, मुदत एकतीस ऑगस्ट. चाळीसएक हजार त्यानं जमवले होते. उरलेले मी देऊ केले, तेव्हा तो म्हणाला, "नको सर. तुमच्याकडून उसने घेतले की तुमच्याशी भांडता येणार नाही."

"नाव सत्तर हजाराला जरी गेलं तरी माझ्या निम्म्या वाट्यात काम झालं," तो म्हणायचा. "त्याच्याखाली मात्र उतरायचं नाही, सर. काही झालं तरी."

मी मान डोलवली होती.

दुसरा भाव आला नऊ हजार एकशे ऐंशी. तिसरा बारा हजार तीनशे चाळीस.

"हे आकडे असले वाकडेतिकडे का?" मी विचारलं. "देणारा माणूस दहा म्हणेल, बारा म्हणेल. तीनशे चाळीस कुठून काढले यानं?"

"मुद्दाम करतात. वाकडा आकडा टाकला की समोरच्याला वाटतं, गडी खिसे उलटे करून आलाय. धंद्यातली जुनी खोड आहे ही." दस्तगीरनं पंच्याण्णवचे नव्वद केले आणि पुन्हा पाठवले. "येणार हा. महिनाअखेरीला येणारच."

पण माझ्या डोक्यातून ते आकडे जाईनात. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसासमोर आकडे टाकले की त्याला चैन पडत नाही, तो त्यांच्यात नियम शोधतोच. मी सकाळी फिरायला निघायचो आणि अर्ध्या वाटेवरून तळघराकडं वळायचो. साइटवरचं आमच्या नावाचं पान उघडून बघायचो. नवीन काही नसलं तरी पुन्हा एकदा बघायचो. घरी जेवायला बसलो की ताटाशेजारच्या वर्तमानपत्रावर आकडे लिहायचो. मथळे रोज एकच होते, रुपया आणखी घसरला, आणि मी त्या मथळ्यांच्या शेजारच्या कोऱ्या जागेत वजाबाक्या करत होतो.

"पेपर वाचताय की खाताय?" कुमुद म्हणाली.

वीस तारखेला पंधरा हजार सातशे पंचाहत्तर आले. दस्तगीरनं उत्तरच दिलं नाही. त्या साइटवर तीन दिवसांत उत्तर गेलं नाही की भाव रद्द व्हायचा आणि गिऱ्हाइकाला पुन्हा पाठवावा लागायचा. गिऱ्हाइकानं तेवढी वाट न बघताच पुन्हा पाठवला. सोळा हजार एकशे पंचवीस.

साडेतीनशे रुपये जास्त.

हे साडेतीनशे मला फार लागले. धंदेवाला माणूस साडेतीनशे कशाला वाढवील? पाच हजार वाढवील, नाहीतर उठून जाईल. साडेतीनशे वाढवतो तो माणूस ज्याला आज साडेतीनशे मिळाले. मला एकदम दिसलं, चार-पाच जणं बसलीयेत, मध्ये डबा आहे, आणि कुणीतरी त्यात दिवसाची मजुरी टाकतोय. वर्गणी. गणपती पंधरा दिवसांवर आले होते, गावभर वर्गणीच चालली होती, तेव्हा तो शब्द मला लांब शोधावा लागला नाही.

दुपारी पाय आपोआप सतारमेकर गल्लीकडं वळले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. तिसऱ्यांदा दुकानावरून जाताना बाबालाल सतारमेकरांनी हाक मारली. भोपळ्याच्या कडेवर कानस चालवत होते.

"काय सर, काय हरवलंय?"

"काही नाही. तुमच्याकडं कुणी वेबसाइट वगैरे काढतंय का हो?"

"पोरं काय तर करायलीत म्हणं. आमाला काय कळतंय त्यातलं?" त्यांनी भोपळा फिरवला. "का? तुम्ही शिकवणार हाय?"

"नाही, सहज."

"बसा की. तीन येरझाऱ्या झाल्या तुमच्या."

मी बसलो नाही. पोरं काहीतरी करतायत, एवढं मला पुरे होतं.

सव्वीसला दस्तगीर मेहुणीच्या लग्नाला गोकाकला गेला. जाताना किल्ली आणि पासवर्ड माझ्याकडं देऊन गेला. "तीसला सकाळी येतो. तोवर मुलांची गणितं घ्या, आणि ते पान उघडू नका. उघडलं तर बघा, पण हात लावू नका. मी आल्यावर शेवटचं बोलतो त्याच्याशी. फोन चालू आहे माझा."

सत्तावीसला सोळा हजार पाचशे पन्नास आले. सव्वाचारशे वाढले होते.

त्या सकाळी मी मुलांना फळ्यावर लिहून दिलं, साडेतीनशे, सव्वाचारशे, पुढं काय? अफरीन नावाची सहावीतली मुलगी होती, ती म्हणाली, "सर, दोनच आकडे आहेत."

"मग?"

"दोन आकड्यांवरून नियम काढायचा नाही. तुम्हीच सांगितलंय."

"पण समज, काढायचाच झाला तर?"

"तर काय पण निघेल," ती म्हणाली. मुलं हसली, मीही हसलो, आणि फळा पुसून टाकला.

मुलं गेल्यावर मी ते पान उघडलं. हात लावायचा नव्हता. पण भावाशेजारी निरोप लिहायची चौकट होती, तिच्यात मी इंग्रजीत एक ओळ लिहिली. आणखी थोडं वाढवता येईल का? एवढंच. भाव ठरवणं वेगळं, विचारणं वेगळं, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. सतरा हजार दोनशे. सोबत चार शब्दांची ओळ होती. माझ्याकडून एवढंच शक्य आहे.

मी एका ओळीत मागितलं आणि कुणीतरी कुठूनतरी साडेसहाशे रुपये उभे केले. मला तिथं बसवेना. मी उठलो, पायऱ्या चढून रस्त्यावर आलो, पुन्हा खाली गेलो. असं दोन-तीनदा झालं. मग कुलूप लावून घरी आलो.

कुमुद शेंगा सोलत होती. तिला सगळं सांगितलं.

"त्या वर्गणीवाल्यांना तुम्ही पाहिलंय?" तिनं विचारलं.

"पाहायला कशाला हवंय? आकडे बोलतायत."

"आकडे बोलत नाहीत हो. तुम्हीच बोलताय त्यांच्या वतीनं."

"तू व्यवहारातलं बघतेस. नावाची किंमत म्हणजे काय? आपल्याला पडली सहाशे रुपयांना, दोन वर्षांचे बाराशे. त्याचे सतरा हजार येतायत. चौदा पट. याहून जास्त घेणं न्यायाचं आहे का?"

"दस्तगीरला फोन करा ना मग."

"तो लग्नात आहे."

"लग्नात माणसं फोन घेतात," ती म्हणाली.

मी फोन हातात घेतला. ठेवला. चप्पल घातली आणि भर उन्हात परत तळघरात गेलो. पान उघडलं. 'स्वीकारा' असं लिहिलेलं हिरवं बटण होतं. ते दाबलं. मग नाव त्याच्या खात्यात पाठवायचे जे काही सोपस्कार होते, दस्तगीरनं वहीत लिहून ठेवल्याप्रमाणे एकेक करत गेलो. पाऊण तासात तंबोराघर आमचं राहिलं नाही.

त्या संध्याकाळी किती दिवसांनी मी एका जागी बसून जेवलो.

तीस तारखेला दस्तगीर स्टँडवरून थेट तळघरात आला. मुलं नुकतीच गेली होती. त्याच्या मनगटावर अजून मेंदीचा डाग होता, आणि हातात लाडवांचा पुडा. पुडा माझ्यासमोर ठेवून त्यानं संगणक सुरू केला. मी आधी बोलायचं ठरवलं होतं, पण त्यानं पान उघडेपर्यंत मला सुरुवात सापडली नाही.

त्यानं पाहिलं. मग मेल उघडली. साइटकडून पावती आली होती.

"सतरा हजार दोनशे," तो म्हणाला.

"दस्तगीर, ऐकून घे. ते लोक वर्गणी काढून..."

"थांबा सर. पावतीवर दोनशे पन्नास लिहिलंय."

"दोनशे पन्नास काय?"

"डॉलर." तो पडद्याजवळ वाकला. "माझं खातं मी रुपयांत ठेवलं होतं, तुम्हाला बघायला सोपं जावं म्हणून. तो डॉलरमध्ये भाव टाकत असणार. साइट आपल्याला त्या दिवसाच्या दरानं रुपये करून दाखवते." तो उठला आणि कोपऱ्यातल्या रद्दीतून महिन्याभराची वर्तमानपत्रं काढून आणली. "त्या तारखा सांगा."

मला सगळ्या पाठ होत्या. मी सांगत गेलो, तो पेपरातला दर बघून संगणकावरच्या कॅल्क्युलेटरवर भागत गेला. आठवीतला भागाकाराला भिणारा मुलगा.

"सहा हजार नव्वद. भागिले साठ पॉइंट नऊ. शंभर." बटणं वाजत होती. "नऊ हजार एकशे ऐंशी. दीडशे. बारा हजार तीनशे चाळीस, दोनशे. पंधरा हजार सातशे पंचाहत्तर..." तो थांबला. "अडीचशे. पुढचं?"

"सोळा हजार एकशे पंचवीस."

"चौसष्ट पॉइंट पाच. अडीचशे. पुढचं?"

"सोळा हजार पाचशे पन्नास."

"अडीचशे. सतरा हजार दोनशे, अडुसष्ट पॉइंट आठ." त्यानं शेवटचं बटण दाबलं. "अडीचशे."

वर रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि तळघराची खिडकी थरथरली.

"तो वीस तारखेपासून जागचा हललाच नव्हता, सर," दस्तगीर म्हणाला. "रुपया घसरत होता."

साडेतीनशे, सव्वाचारशे, साडेसहाशे. वर्गणी देणारं कुणीही नव्हतं.

"मला वाटलं, तंबोरेवाल्यांची पोरं असतील," मी म्हणालो. "पै-पै जमवून..."

"त्यांना पै-पै कशाला जमवायला लागते? बाबालालचाचांचा एक तंबोरा तीस-चाळीस हजाराला जातो." तो रागावून बोलत नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पेपरांच्या घड्या तो नीट घालत होता, तारखेप्रमाणं. "वाकडा आकडा म्हणजे चलाखी, असं मला वाटलं. तुम्हाला वाटलं गरिबी. भागून दोघांनीपण बघितलं नाही. चूक माझीपण आहे."

"नाही, तुझी काय चूक?"

"फोन का केला नाहीत?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तू नको म्हणाला असतास."

"हां. म्हणालो असतो." त्यानं शेवटचा पेपर गठ्ठ्यावर ठेवला. "सर, मला गाळा पाहिजे होता, ते माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं."

त्यानं मान हलवली, आणि वर जाऊन पायरीवर बसला. लाडवांचा पुडा तसाच माझ्यासमोर होता. महिनाभर मी दस्तगीरच्याच शेजारच्या खुर्चीत बसत होतो.

एकतीसला सकाळी मी बँकेतून पस्तीस हजार काढले आणि आधी चौगुल्यांकडं गेलो, दस्तगीरला नंतर सांगू म्हणून. चौगुले दारातच भेटले.

"सर, तुम्ही म्हटला असता तर आठ दिवस थांबलो असतो. पण काल सांजच्याला दस्तगीरचाच फोन आला. म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका, दुसरं गिऱ्हाईक बघा. मोबाइलची कव्हरं विकणारा एक होता, त्याला देऊन टाकला."

"पैसे आणले होते मी."

"त्यानं सांगितलं होतं की," चौगुले म्हणाले. "सर पैसे घेऊन येतील, घेऊ नका म्हणाला."

तळघरात गेलो, तर दस्तगीरनं साइटचं कमिशन वजा करून सरळ दोन भाग केले होते. त्याचे सात हजार सातशे चाळीस, माझे सात हजार सातशे चाळीस. मी म्हणालो, सत्तर हजाराला गेलं असतं तर तुझा वाटा पस्तीस झाला असता, तेवढे घे. त्यानं बोटानं पाकीट परत माझ्याकडं सरकवलं.

"सत्तर देणारा कोण होता? आपण मागत होतो. मागितलं म्हणजे मिळालं नाही. गिऱ्हाईक एकच होतं आणि त्यानं अडीचशे दिले. तीच किंमत."

आठ-दहा दिवसांनी ते नाव दुसऱ्या एका साइटवर विकायला लागलेलं मी पाहिलं. मागणी चार हजार आठशे डॉलर. घेणारा आमच्यासारखाच रुमालवाला निघाला. दस्तगीरला दाखवलं, तर तो म्हणाला, "बसेल आता वाट बघत," आणि समोरच्या मुलाची झेरॉक्स काढायला उठला. तो माझ्याशी बोलत होता, हसतही होता. फक्त पासवर्डची वही टेबलावर दिसत नव्हती, आणि मी ती कुठं आहे असं विचारत नव्हतो. मुलांना शिकवताना मला आता खडू हातात घेऊन उभं राहवत नसे. भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत शिकवायचो. अफरीन म्हणालीसुद्धा, "सर, एका जागी उभे राहा ना, मान दुखते."

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दस्तगीर घरी आला. आरतीला थांबला, प्रसाद घेतला, मग खिशातून दोन कागद काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवले.

"छत्तीस नावं राहिलीत. अठरा-अठराच्या वाटण्या केल्यात."

"भागीदारी मोडायची म्हणतोस?"

"वाटून घ्यायचं म्हणतोय. ज्याचं नाव त्यानं ठेवावं, विकावं, नाहीतर कुणाला फुकट द्यावं. दुसऱ्यानं विचारायचं नाही." त्यानं दोन्ही कागद सरळ केले. "मी वाटलंय. तुम्ही उचला. तुम्हाला पाहिजे ती वाटणी पहिली तुमची."

मी चष्मा लावला. डावीकडच्या यादीत हळदपेठ होतं, द्राक्षमळा होतं, कृष्णाकाठ होतं. उजवीकडं वर एक मिरजदवाखाना, आणि खाली मी एकेकाळी हट्टानं घ्यायला लावलेली नावं, बेरीजवजाबाकी, पाढेपाठ, गणितगंमत. त्यांना कोण विचारणार? मी फार वेळ लावला नाही. उजवीकडच्या कागदावर हात ठेवला.

"ही घेतो."

दस्तगीरनं माझ्या हातावर हात ठेवला. कागद मला ओढता येईना.

"ही का?"

"चांगली आहे."

"चांगली आहे म्हणून का डावीतली नावं मला जावीत म्हणून?"

मी पुन्हा कागद ओढून पाहिला.

"सर, परत तेच करायलाय," तो हळू म्हणाला. "मला न विचारता मला देऊन टाकताय. दोन दिवस बसलोय मी याच्यावर. माझ्या हिशोबानं दोन्ही सारख्या आहेत. तुम्ही मुद्दाम वाईट म्हणून एक उचलली, तर माझं वाटप खोटं ठरलं." त्यानं हात काढून घेतला. "नीट बघा. तुम्हाला खरंच जी पाहिजे ती घ्या. आणि वाटप चुकलंय असं वाटत असेल, तर तोंडानं सांगा."

मी कागद परत ठेवला. दोन्ही याद्या पहिल्यापासून वाचल्या, एकेका नावाशी थांबून. हे कोण घेईल, कधी घेईल, काय देईल. या महिन्याभरात पहिल्यांदा मी खुर्चीत न हलता बसलो होतो.

"हळदपेठ आणि द्राक्षमळा एकाच बाजूला कसं?" मी म्हणालो. "दोन्ही चालणारी नावं आहेत. ही डावी बाजू जड आहे."

"मिरजदवाखाना आहे की इकडं. ते एकटं दोघांना भारी आहे."

"कशावरून? इस्पितळवाले आपापल्या नावानं साइट काढतात. असलं गावाचं नाव कोण घेणार?"

"सगळ्यांची मिळून एक यादी करणारा घेईल. तुम्ही त्या रस्त्यावर एक दिवस उभे राहा, कळेल."

"उभा राहिलोय मी. तुझ्या आधी वीस वर्षं. द्राक्षमळा इकडं टाक आणि पाढेपाठ तिकडं घे."

"पाढेपाठ? ते कुणी फुकट घ्यायचं नाही."

"मग सोबत गणितगंमत घे."

"वा, सर. एक कुजकं म्हणून त्याच्यावर दुसरं कुजकं?" तो खुर्ची पुढं ओढून बसला. "द्राक्षमळा पाहिजे तर मिरजदवाखाना सोडा."

"मिरजदवाखाना मुळात माझ्याकडं आहेच कुठं? मी अजून वाटणी उचललेली नाही."

"बघा, म्हणजे डावी उचलणार होता तुम्ही."

"होतो," मी म्हणालो. "पहिल्यापासून डावीच हवी होती मला."

आवाज बराच वाढला असावा. कुमुद हातातलं तबक तसंच घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि एकदा माझ्याकडं, एकदा दस्तगीरकडं बघू लागली.

"सणाच्या दिवशी भांडताय काय रे?"

"नाही काकू," दस्तगीर माझ्यासमोरच्या कागदावरची नजर न काढता म्हणाला. "सर भाव करायलेत."